ज्येष्ठता की गुणवत्ता? : लोहसंगीताच्या चार मुद्रिका

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, व्हिला पार्क नावाच्या फुटबॉलच्या मैदानावर, ५ जुलै २०२५ रोजी चार वृद्ध गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी चार गाणी सादर केली. चौघांचेही बालपण त्याच मैदानाच्या आसपास, ॲस्टन नावाच्या कामगारवस्तीत गेले होते. त्यांच्यातील गायक ऑझी ऑस्बोर्न यास कंपवातामुळे उभे राहणे अशक्य झाले होते. तो सिंहासनासारख्या एका खुर्चीत बसून गायिला. त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलै रोजी, त्याचे निधन झाले. 'ब्लॅक सॅबथ' हे त्या चौघांच्या संचाचे नाव. ज्या संगीतप्रकारास जगात 'हेवी मेटल' म्हणतात, आणि ज्यास या लेखापुरते आम्ही 'लोहसंगीत' असे नाव देणार आहोत, त्याचा उगम १९७० साली या चौघांच्या हातून झाला, असे सामान्यतः मानले जाते.

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकांस या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. त्यास आमचे उत्तर असे की, हे संगीत आपल्या सरकारी वसाहतींच्या भिंतींआड पुष्कळ वर्षांपासून नांदत आहे. बंद दाराआडून येणारा तो गडगडाट ऐकून 'आवाज कमी कर' असे ज्यांनी मुलांस बजावले नसेल, असे अधिकारी थोडेच असतील. १७ मार्च २००७ रोजी बंगळूर येथे 'आयर्न मेडन' आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी त्याच शहरी 'मेटॅलिका' हे संच येऊन गेले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांची मुले रात्रीच्या गाडीने तिकडे गेली होती. मुलगा ज्यासाठी रात्र जागून काढतो ते काय आहे, हे बापास ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा माफक हेतू आहे.

लेखास निमित्त मात्र एका वादाचे झाले. आम्ही सध्या शिलाँग येथे नेमणुकीवर आहोत. या गिरिनगरात गिटार ही वस्तू आपल्याकडील पेटी-तबल्याइतकी घरोघर आढळते. आमच्या शाखेतील एक तरुण खासी सहकारी मधल्या सुटीत आम्हांस म्हणाला की, लोहसंगीतातील सर्वश्रेष्ठ मुद्रिका 'मेटॅलिका' या संचाची 'मास्टर ऑफ पपेट्स' हीच होय, व याबाबत दुमत संभवत नाही. महाविद्यालयात असताना आमचेही मत हेच होते. परंतु दुमत संभवत नाही असे कोणी म्हटले की, कारकुनाच्या मनात धारिका उघडतेच. आम्ही मुद्रिका पुनः ऐकल्या, पुनःपुन्हा ऐकल्या, आणि आमचे मत बदलले. ते का बदलले, हे पुढे निवेदन करीत आहोत.

प्रथम कसोटीचा प्रश्न. आपल्या कचेऱ्यांत बढतीची दोन तत्त्वे सर्वांच्या परिचयाची आहेत : ज्येष्ठता आणि गुणवत्ता. या दोहोंची गल्लत झाली की काय अनर्थ होतो, हे वाचकांस सांगावयास नको. कलेच्या क्षेत्रातही ही गल्लत नित्य होते. परंपरेप्रमाणे मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा आणि 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ ची. आद्यत्वाचा मान आपण मुकुंदराजांस देतो. पण म्हणून काव्य या नात्याने 'विवेकसिंधु'स 'ज्ञानेश्वरी'च्या वर कोणी बसवीत नाही. लोहसंगीताच्या चाहत्यांत मात्र एक पक्ष केवळ आद्यत्वावर निकाल देतो, तर दुसरा केवळ कसबावर. आम्ही दोन्ही नोंदी वेगवेगळ्या ठेवणार आहोत.

आद्यत्वाची नोंद सरळ आहे. 'ब्लॅक सॅबथ' याच नावाची या संचाची पहिली मुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. तिचे ध्वनिमुद्रण लंडन येथे १९६९ च्या ऑक्टोबरात एका दिवसात उरकण्यात आले होते. तिच्या आरंभीच्या गाण्यात पाऊस व घंटानाद यांनंतर गिटारवर अवघे तीन स्वर येतात : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. युरोपीय परंपरेत षड्ज व तीव्र मध्यम यांमधील अंतरास सैतानाचे अंतर अशी अपकीर्ती लाभली आहे. आपणांस याचे नवल वाटेल, कारण यमन रागात हाच तीव्र मध्यम आपण दिवेलागणीस मोठ्या प्रसन्नतेने ऐकतो. भेद इतकाच की, यमनात तो पंचमाच्या दारी जाऊन विसावतो. येथे त्यास पंचम मिळत नाही. तो आधारावाचून थरथरत राहतो, आणि तीच त्या गाण्यातील भीती होय.

हा ध्वनी इतका जड का झाला, याचे उत्तर संगीतशास्त्रात नसून कारखान्यात आहे. गिटारवादक टोनी आयोमी हा सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. तेथील नोकरीच्या अगदी अखेरच्या दिवशी, गैरहजर कामगाराच्या जागी दाबयंत्रावर काम करीत असता, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता. वादन संपले असे समजून बसलेल्या या मुलास कारखान्यातील वरिष्ठाने जँगो राइनहार्ट याची ध्वनिमुद्रिका ऐकविली. राइनहार्टची दोन बोटे १९२८ साली आगीत निकामी झाली होती, आणि तरीही तो युरोपातील अग्रगण्य गिटारवादक ठरला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, त्यांवर चामडे चढविले आणि गिटारला बँजोच्या बारीक तारा लावून पाहिल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या तिसऱ्या मुद्रिकेत त्याने काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वरांनी सैल केल्या. ताण कमी झाल्याने बोटांस आराम पडला, आणि स्वर खर्जात उतरला. आज जगभर असंख्य वादक निरोगी बोटांनी तारा सैल करून वाजवितात. त्यामागे एका जखमी कामगाराची ही सोय आहे, हे त्यांतील सर्वांस ठाऊक असेलच असे नाही.

संचातील इतरांचीही कथा याच मातीची. ऑस्बोर्नने कत्तलखान्यात काम केले होते व चोरीच्या आरोपाखाली तुरुंगवासही भोगला होता. आणि बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर हा हिशेबाच्या कामाची उमेदवारी करीत होता. ही गोष्ट वाचून आम्हांस बंधुभाव वाटला, हे कबूल करण्यास प्रत्यवाय नाही. पहिल्या मुद्रिकेचे स्वागत मात्र टीकाकारांनी तुच्छतेने केले. अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' नियतकालिकातील परीक्षण प्रतिकूलच होते. लोकांनी मात्र ती ब्रिटनमधील खपाच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत नेली.

आता गुणवत्तेची नोंद. स्पर्धेसाठी आम्ही चार मुद्रिका निवडल्या आहेत : 'ब्लॅक सॅबथ' संचाची 'पॅरनॉइड' (१९७०), 'जूडास प्रीस्ट' संचाची 'ब्रिटिश स्टील' (१९८०), 'आयर्न मेडन' संचाची 'द नंबर ऑफ द बीस्ट' (१९८२) आणि 'मेटॅलिका'ची 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६). 'स्लेअर' संचाची 'रेन इन ब्लड' (१९८६) हिचा विचार आम्ही केला होता. एकोणतीस मिनिटांत दहा गाणी, आणि त्यांत एकही सुटी वीट नाही, असे तिचे बांधकाम आहे. कॅसेटच्या एकाच बाजूवर ती संपूर्ण मावे, म्हणून दोन्ही बाजूंवर तीच मुद्रित केली जाई. परंतु तिच्यात एकच भाव एकाच पट्टीत आरंभापासून अंतापर्यंत चालतो. म्हणून तिला आदराने बाजूस ठेविले.

'ब्रिटिश स्टील' ही १४ एप्रिल १९८० रोजी निघाली. 'जूडास प्रीस्ट' हाही बर्मिंगहॅमच्या परिसरातलाच संच. मुद्रिकेचे नाव ब्रिटनच्या सरकारी पोलाद महामंडळावरून घेतलेले. आणि त्याच वर्षी, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, त्या उद्योगात देशव्यापी संप चालला होता. तिचा निर्माता टॉम ॲलम हा 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या तीन मुद्रिकांचा ध्वनितंत्रज्ञ होता. म्हणजे दहा वर्षांनी तोच कान पुनः कामास लागला होता. 'मेटल गॉड्स' या गाण्यातील यंत्रमानवांच्या पावलांसाठी यांनी चमचे-काट्यांचे तबक हलविले, आणि 'ब्रेकिंग द लॉ'मधील काच फुटण्याच्या आवाजासाठी दुधाच्या बाटल्या फोडल्या. दोन गिटारींची धार, अनावश्यक काहीही न ठेवण्याची शिस्त आणि रॉब हॅलफर्डचा कंठ यांमुळे ही मुद्रिका कानास अत्यंत स्वच्छ लागते. परंतु तिचा गंभीर भाग एका गाण्यात संपतो. बेकार, भरकटलेल्या तरुणाचे 'ब्रेकिंग द लॉ' सोडले, तर पोलादाचे नाव धारण करणारी ही मुद्रिका पोलाद गाळणाऱ्यांविषयी फारसे बोलत नाही. ती एक विस्तीर्ण व निर्दोष पठार आहे. शिखर तिच्यात नाही.

'द नंबर ऑफ द बीस्ट'चे नेमके उलट आहे. १९८२ च्या मार्चमध्ये निघालेल्या या मुद्रिकेत ब्रूस डिकिन्सन हा गायक 'आयर्न मेडन'मध्ये प्रथमच ऐकू आला, आणि ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. नावातील सैतानाचा अंक पाहून अमेरिकेतील काही धार्मिक मंडळींनी तिच्या प्रती जाळल्या. वस्तुतः ते गाणे एका दुःस्वप्नाचे वर्णन आहे. 'रन टू द हिल्स'मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवासी आणि त्यांच्यावर चालून आलेले गोरे, या दोन्ही पक्षांच्या तोंडून एकच इतिहास सांगितला आहे. हे धैर्य लहान नव्हे. दोषही उघड आहे : 'गँगलँड' हे गाणे दुबळे आहे, आणि त्याच्या जागी 'टोटल इक्लिप्स' हवे होते असे संचाचा प्रमुख स्टीव्ह हॅरिस यानेही पुढे मान्य केले. परंतु अखेरचे 'हॅलोड बी दाय नेम' ऐकावे. फाशीच्या पहाटे कोठडीत बसलेला मनुष्य घंटा ऐकतो. आधी धीर सुटतो, मग श्रद्धेची चाचपणी होते, मग एक विलक्षण शांती येते. आणि संगीत त्याच्या मनाच्या गतीने विलंबितातून द्रुतात जाते. हे एक शिखर त्या मुद्रिकेस 'ब्रिटिश स्टील'च्या वर नेते. तिसरा व चौथा क्रमांक असा लागला.

खरी लढत उरते ती 'पॅरनॉइड' आणि 'मास्टर ऑफ पपेट्स' यांत. ३ मार्च १९८६ रोजी प्रसिद्ध झालेली ही दुसरी मुद्रिका कोपनहेगन येथे, अनेक महिने खपून, फ्लेमिंग रासमुसेन याच्या साहाय्याने घडविली गेली. आठ गाणी, सुमारे पंचावन्न मिनिटे. साध्या गिटारच्या मंद स्वरांनी आरंभ आणि क्षणात वादळ. मध्ये मनोरुग्णालयातील रुग्णाचे करुण गीत. सातव्या स्थानी 'ओरायन' ही शब्दहीन रचना, जिच्यात क्लिफ बर्टनची बेस गिटार एखाद्या सारंगीसारखी गाते. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी स्वीडनमध्ये संचाच्या बसला अपघात होऊन बर्टन चोविसाव्या वर्षी मृत्यू पावला. पुढे २०१६ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात या मुद्रिकेस स्थान दिले. लोहसंगीतास हा मान तेव्हा प्रथमच मिळाला. कारागिरीत हिला तोड नाही, हे आम्ही निःसंशय मान्य करतो. एवढेच नमूद करावेसे वाटते की, तिचा आराखडा त्याच संचाच्या १९८४ च्या 'राइड द लाइटनिंग' या मुद्रिकेवर बेतलेला आहे. कोणत्या स्थानी काय यावयाचे, ते आधीच ठरलेले आहे.

'पॅरनॉइड' १८ सप्टेंबर १९७० रोजी, पहिल्या मुद्रिकेनंतर सातच महिन्यांनी निघाली. तिचे दोष लपविण्याचे कारण नाही. 'रॅट सॅलड' हा ढोलवादनाचा तुकडा भरतीचा आहे. शेवटचे गाणेही आधीच्या गाण्यांच्या तोलाचे नाही. मुद्रिकेचे नाव प्रथम 'वॉर पिग्ज' ठरले होते; ते बदलले, पण वेष्टनावरचे ढाल-तलवार घेतलेल्या माणसाचे चित्र तसेच राहिले. 'पॅरनॉइड' हे गाणे तर वेळ कमी भरली म्हणून शेवटी घाईने रचलेले; आणि तेच ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकास पोहोचले व मुद्रिका पहिल्या. नीटनेटकेपणाच्या रकान्यात हिला आम्ही 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या बरोबरीचे गुण देऊ शकत नाही.

परंतु या दोन मुद्रिकांत एक योगायोग आहे, आणि त्यामुळे तुलना सोपी होते. दोहोंत युद्धावर एक गाणे आहे आणि व्यसनावर एक. युद्धाचे आधी पाहू. 'वॉर पिग्ज'मध्ये सेनापती व राजकारणी यांच्यावर आरोपपत्र ठेविले आहे : युद्ध पुकारणारे सुरक्षित राहतात आणि गरिबांची पोरे मरतात. शेवटी न्यायाचा दिवस येतो. 'मेटॅलिका'चे 'डिस्पोजेबल हीरोज' यापुढे एक पाऊल टाकते. त्यात सैनिक व हुकूम देणारा हे आळीपाळीने बोलतात, आणि आपण त्या पोराच्या डोक्यात शिरून युद्ध पाहतो. 'वॉर पिग्ज' बाहेर उभे राहून बोट दाखविते. 'डिस्पोजेबल हीरोज' आत जाते. येथे निकाल निःशंकपणे 'मेटॅलिका'च्या बाजूने.

आता व्यसन. 'मास्टर ऑफ पपेट्स' या गाण्याची कल्पना असामान्य आहे : येथे मादक द्रव्य स्वतःच बोलते, आणि माणूस त्याच्या हातची कळसूत्री बाहुली होतो. परंतु तो माणूस कोण, कोठला, या फेऱ्यात का सापडला, हे ते गाणे विचारीत नाही. 'पॅरनॉइड'मधील 'हँड ऑफ डूम' नेमके तेथूनच सुरू होते. त्याचा आरंभच बाँब आणि व्हिएतनाम यांच्या उल्लेखाने होतो. युद्धातून परतलेला तरुण सुईकडे का वळला, याचा धागा ते प्रथम हाती देते आणि मग त्याची शारीरिक दशा दाखविते. पहिल्या बाजूवर ज्या सेनापतींवर आरोप झाला, त्यांच्या कर्माचे फळ दुसऱ्या बाजूवर एका पोराच्या दंडावर दिसते. 'मेटॅलिका'च्या मुद्रिकेतही युद्ध आहे व व्यसनही. पण ती दोन गाणी एकमेकांस ओळखत नाहीत. येथे ती एकाच खटल्याची दोन पाने आहेत.

हे ध्यानात आल्यावर मधल्या गाण्यांकडे आम्ही नव्याने पाहिले. 'इलेक्ट्रिक फ्युनरल'मध्ये अणुयुद्धानंतरची राख आहे. 'आयर्न मॅन' हे गाणे पूर्वी आम्ही पोरकट समजत असू. जगाचा विनाश पाहून आलेला मनुष्य चुंबकीय वादळात पोलादाचा होतो. लोकांस सावध करू पाहतो, पण त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. अखेर तो सूड घेतो. कारखान्यात बोटे देऊन आलेला वादक ते गाणे वाजवीत आहे, हे ठाऊक झाल्यावर पोरकटपणाचा आक्षेप ओठांवर येत नाही. ज्याचे शरीर पोलादास वाहिले गेले आणि ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही, असा मनुष्य बर्मिंगहॅममध्ये त्या काळी गल्लोगल्ली होता.

एवंच, आमचा निकाल असा. ज्येष्ठतेचा मान 'ब्लॅक सॅबथ' या पहिल्या मुद्रिकेस. कारागिरीचा मान 'मास्टर ऑफ पपेट्स'ला. परंतु प्रथम क्रमांक 'पॅरनॉइड'ला. आणि तो ती आधीची आहे म्हणून नव्हे, तर चौघींपैकी तिनेच आपल्या काळाच्या दुःखाची कारणपरंपरा मांडली म्हणून. 'ब्रिटिश स्टील'ने कारखान्याचे नाव घेतले. 'पॅरनॉइड'ने त्याचे नाव न घेता त्यातील माणूस उभा केला. व्हिला पार्कवर त्या चौघांनी शेवटची म्हणून जी चार गाणी निवडली, त्यांतील एक पहिल्या मुद्रिकेतील होते आणि उरलेली तीन, 'वॉर पिग्ज', 'आयर्न मॅन' व 'पॅरनॉइड', याच मुद्रिकेतील होती. हा पुरावा म्हणून आम्ही पुढे करीत नाही, कारण लोकप्रियता ही कसोटी आम्ही मानलेली नाही. केवळ नोंद करून ठेवतो.

हा लेख पाठविण्यापूर्वी त्याचा गोषवारा आम्ही आमच्या त्या सहकाऱ्यास सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि आमचा निकाल अमान्य केला. त्याचे म्हणणे असे की, कारणे शोधणे हे इतिहासाचे काम, संगीताचे नव्हे. आणि ज्याने 'ओरायन' मन लावून ऐकले त्यास शब्दांची साक्ष काढण्याची गरज उरत नाही. मग त्याने आपल्या फोनवर ती रचना लावली. बाहेर शिलाँगचा पाऊस होता, चहा निवत होता, आणि बर्टनचा तो गाता खर्ज आठ मिनिटे आमच्या टेबलावर चालू होता. आमचे मत बदलले नाही. परंतु त्याची असहमती खोडून काढण्याजोगे उत्तरही आम्हांस सुचले नाही. सबब, ती या लेखासोबत येथे जोडून ठेवीत आहोत.